प्रश्नोत्तरे : ‘तू फक्त आमच्या मागे ये’

या वेळच्या टपालात डोंगरी ओढ्यांतल्या कयाकिंगबद्दलची पत्रं जास्त आहेत. लांबलचक पत्रं थोडी छाटली आहेत, मजकूर तोच ठेवलाय. पहिल्या पत्राला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे, कारण जवळजवळ तोच प्रश्न वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आला होता.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र बरोबर कयाकिंग करतो. तिसऱ्या वर्गाच्या नद्या आता अंगवळणी पडल्या आहेत. माझा रोल, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच पुन्हा सरळ करणं, डोहात सहसा चुकत नाही. बाकीच्या तिघांनी आता चौथ्या वर्गाचा एक अरुंद ओढा ठरवलाय. त्यात मध्यावर तीन मीटरचा धबधबा आहे आणि त्याच्या खाली थोड्याच अंतरावर, डाव्या हाताला, दगडांची चाळणी आहे. ते म्हणतात, ‘तू फक्त आमच्या मागे ये.’ मला भीती वाटते, पण नाही म्हटलं तर सगळ्यांचा बेत माझ्यामुळे बिघडेल. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी लाल शाईने अधोरेखित केलं : ‘तू फक्त आमच्या मागे ये.’

असं म्हणणारे मित्र वाईट नसतात. चांगले प्रेमळ असतात, म्हणून तर त्यांचं ऐकावंसं वाटतं. पण मागून येणाऱ्याला दिसतं काय? पुढच्याचं हेल्मेट, त्याच्या लाइफ जॅकेटची पाठ आणि नंतर काहीच नाही. धबधब्याच्या कडेवरून बोट खाली गेली की ती नजरेआड होते. त्याने शेवटचा स्ट्रोक कुठे मारला, नाक उजवीकडे वळवलं की सरळ ठेवलं, खाली पडल्यावर तो होलमध्ये, म्हणजे धबधब्याखाली मागे फिरणाऱ्या पाण्यात, अडकला की सुटला, यातलं काहीही तुम्हाला कळत नाही. आणि तोवर तुम्ही स्वतः कडेवर आलेले असता. तो खाली अडकलेला असेल, तर तुमच्या बोटीचं नाक त्याच्या पाठीत बसणार.

तिसऱ्या वर्गात हे खपून जातं. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत पहिला ते सहावा असे वर्ग आहेत. तिसऱ्याचं वर्णन असं की, बोटीतून बाहेर पडलात तर सहसा स्वतःच्या स्वतः काठाला लागता आणि इजा क्वचित होते. चौथ्यात स्वतःची सुटका कठीण होते, बरोबरच्यांची मदत बऱ्याचदा अत्यावश्यक असते आणि त्या मदतीचा सराव केलेला असावा लागतो. हे वर्गवारीतच लिहिलेलं आहे. लोक ‘चौथा वर्ग’ एवढंच वाचतात आणि तिसऱ्यापेक्षा लाटा जरा मोठ्या असतील असं धरून चालतात. ओढ्यात लाटा मोठ्या नसतातही. किलोमीटरला वीस-पंचवीस मीटर उतरणारं पाणी दगडांमधून वाट काढत असतं आणि एका उडीनंतर पुढची उडी यायच्या आत सावरायला वेळ नसतो. त्यातून पाणी गार असेल, म्हणजे दहा अंशांच्या खाली, किंवा ओढा रस्त्यापासून लांब असेल, तर तोच ओढा एक वर्ग वरचा समजावा असाही संकेत आहे.

आता तुमच्या चाळणीकडे येऊ. दगडांच्या चाळणीत पाणी फटींतून निघून जातं, माणूस जात नाही. वरून ती फार साधी दिसते : फेस नाही, आवाज नाही, पाणी दगडांच्या राशीपाशी जाऊन नुसतं नाहीसं होतं. धबधब्यापासून चाळणी बारा मीटरवर आहे आणि पाणी सेकंदाला तीन मीटर धावतंय असं धरा. पोहणाऱ्याच्या हातात चार सेकंद आहेत. डोकं वर काढून, खोकून, डोळे उघडून आपण कुठे आहोत हे समजेपर्यंत त्यातले दोन गेले.

म्हणून त्या तिघांना ‘मला जमेल का’ असं विचारू नका. ‘जमेल रे’ याखेरीज दुसरं उत्तर मित्रांकडून येत नाही. ‘कोण कुठे उभा राहणार’ ते विचारा. धबधब्याच्या वर थांबायला शेवटची एडी, म्हणजे दगडामागचं संथ पाणी, कुठली, आणि त्यात चार बोटी मावतात की दोनच? सगळे उतरून धबधबा काठावरून बघणार आहेत ना? दोरी घेऊन उजव्या काठावर कोण? उजव्याच, कारण दोरी पकडलेला माणूस लंबकासारखा झोका घेत फेकणाऱ्याच्या बाजूच्या काठाला लागतो. डाव्या काठावरून फेकलेली दोरी त्याला सरळ चाळणीत नेईल. आणि हा झोका चाळणीच्या वरच, संथ पाण्यात संपतोय ना, हे आधी एखादं लाकूड टाकून पाहिलंय का?

चौघांत हे नीट बसतं. एक जण दोरी हातात घेऊन खाली. हातात म्हणजे हातात, बोटीत पिशवीत नव्हे; चार सेकंदांत पिशवी शोधायला वेळ नाही आणि दुसऱ्यांदा फेकायलाही नाही. दुसरा कडेपाशी, वरच्यांना आणि खालच्यांनाही दिसेल अशा दगडावर. पॅडल उभं धरलं म्हणजे या, डोक्यावर आडवं धरलं म्हणजे थांबा, तिरकं कललं म्हणजे त्या बाजूने या. खूण नेहमी सुरक्षित बाजूची करायची, धोक्याकडे बोट कधीच दाखवायचं नाही. गडबडीत दाखवलेल्या दिशेला जाणं हा माणसाचा स्वभाव आहे. तिसरा उडी मारतो. चौथा एडीत थांबतो आणि उडी मारलेला खाली सुखरूप असल्याची खूण येईपर्यंत एडी सोडत नाही. मग पाळ्या बदलतात. शेवटून येणाऱ्यासाठीही काठावर दोरी असली पाहिजे. हे दर वेळी विसरलं जातं, कारण तोवर बाकीचे खाली हसत गप्पा मारत असतात.

हे विचारल्यावर त्यांच्याकडे उत्तरं तयार असतील, तर हे मित्र बरोबर घेण्यासारखे आहेत. ‘अरे, एवढं काय त्यात’ असं आलं, तर ते कितीही चांगले कयाकर असोत, त्यांच्याबरोबर मी फक्त डोहात उतरेन.

बेत बिघडण्याबद्दल. नाही म्हणायचं असेल तर ते घरी म्हणा, बोटी गाडीवर चढवायच्या आधी. कडेवर उभं राहून म्हटलेलं नाही कुणाला ऐकू येत नाही, पाण्याचा आवाज फार असतो आणि प्रत्येकाचा जीव स्वतःच्या उडीत अडकलेला असतो. शिवाय पूर्ण नाही म्हणायची गरजही नसेल. असं सांगून बघा : ‘मी ओढ्याला येतो, पण धबधबा बोट खांद्यावर घेऊन चालत उतरणार आणि चाळणीच्या वर दोरी घेऊन उभा राहणार.’ ज्याला स्वतः उडी मारायची नाही, ज्याचे हात थरथरत नाहीत आणि ज्याला आपली पाळी कधी येते याची घाई नाही, असा माणूस दोरीवर मिळाला तर बाकी तिघांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचावं.

आणि रोलबद्दल. डोहातला रोल मी हिशेबात धरत नाही. ओळखीच्या तिसऱ्या वर्गाच्या नदीत, खळाळाच्या तळाशी, न ठरवता उलटलात आणि कच्च्या बाजूने वर आलात, तर तो रोल. ओढ्यात उलटल्यावर पहिलं काम तेही नाही. पहिलं काम पुढे वाकून कपाळ बोटीच्या पुढच्या भागाकडे न्यायचं, कारण वर फूटभर पाणी आणि खाली दगड. मागे रेललेल्या माणसाचा चेहराच आधी दगडाला लागतो.

माझ्या मते ओढ्याची खरी परीक्षा एडीत आहे. ओळखीच्या नदीवर जा आणि बोटीएवढ्याच एडी पकडत उतरा. प्रत्येक दगडामागची, डावीकडची आणि उजवीकडचीही. नाक आत गेलं आणि शेपूट प्रवाहात राहिली तर ती पकडली असं मोजायचं नाही. दहातल्या दोन सुटत असतील, तर ओढा अजून वर्षभर लांब आहे असं समजा. कारण धबधब्याच्या वरची ती शेवटची एडी सुटली, तर उतरून बघायचं की नाही हा प्रश्नच राहत नाही.

प्रश्न : छोट्या धबधब्यावर ‘बूफ’, म्हणजे नाक वर ठेवून बोट सपाट उतरवायचा, प्रयत्न करते, पण बोटीचं नाक दर वेळी पाण्यात घुसतं. सगळे सांगतात, ‘जोरात स्ट्रोक मार.’ मी अगदी जीव खाऊन मारते, तरी तेच. ताकद कमी पडते का?

उत्तर : ताकद पुरेशी आहे. तुमचा स्ट्रोक लवकर पडतोय, पैजेवर सांगते.

धबधब्याकडे जाताना भीतीने हात घाई करतात. कड अजून बोटभर लांब असते तोवर शेवटचा स्ट्रोक मारून झालेला असतो आणि बोट कडेवर पोचते तेव्हा पॅडल हवेत असतं. मग नाक खाली जाणारच, त्याला धरायला काही उरलेलंच नाही. पुढच्या वेळी मुद्दाम उशीर करा. कडेवर पाणी गुळगुळीत, काचेसारखं होऊन खाली वळतं. ते वळण तुमच्या पायाच्या बोटांखाली आलं की पातं तिथे, कडेच्या जरा पलीकडेच, उभं रोवा. पातं पूर्ण बुडलं पाहिजे. मग पॅडल मागे ओढण्यापेक्षा स्वतःला पुढे ओढा : पातं रोवलेलं आहे आणि कंबर त्याच्याकडे सरकते आहे. त्याच क्षणी गुडघे छातीकडे उचला. नाक उचलतं ते गुडघ्यांनी आणि कमरेने, खांद्यांनी नाही.

आणखी एक गोष्ट तपासा : तुम्ही बघता कुठे? बहुतेक जण नाकाकडे बघतात आणि नाक खाली जातं. धबधब्याच्या खालचं, जिथून पुढे जायचंय ते पाणी बघा. मान वर आली की पाठ आपोआप सरळ होते.

हवेत असताना मागे रेलू नका. नाक वर राहील, पण शेपूट होलमध्ये बुडेल आणि होल तुम्हाला मागे ओढेल. शिवाय मागे रेललेल्या अवस्थेत पाठीला जो हिसका बसतो तो आठवडाभर आठवण करून देतो. स्ट्रोक संपला की पुन्हा पुढे या, पाणी लागायच्या आत.

आणि बूफ सगळीकडे करायचा नसतो. एक-दोन मीटरच्या उडीला तो हवाच, कारण खाली खोली किती ते माहीत नसतं आणि सरळ खाली गेलेलं नाक दगडांत अडकलं तर बोट उभीच राहते, पाणी पाठीवर पडत असतं. पण चार-पाच मीटरवरून हिरव्या, घट्ट पाण्यावर बोट सपाट आपटली तर मणक्याला इजा होते. अशा वेळी नाक थोडं खाली सोडावं लागतं. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, तिथे आपटण्याचा जोर कमी लागतो. फार मोठ्या उंचीवर कुणी बूफ करत नाही. २००९ मध्ये कयाकर टायलर ब्रॅट अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पलूस धबधब्यावरून, पन्नास मीटरहून अधिक उंचीवरून, उतरला तो पुढे वाकून, नाक खाली ठेवून.

सरावाला अर्ध्या मीटरची पायरी पुरते. खाली खोल पाणी आणि पुढे मोठी एडी असली म्हणजे झालं. तिथे नाक कोरडं राहायला लागेपर्यंत मोठी उडी नको.

प्रश्न : होलमध्ये अडकल्यावर स्कर्ट (कमरेभोवतीचं, बोटीचं तोंड झाकणारं आवरण) ओढून बाहेर कधी पडायचं? मी नेहमी लवकर बाहेर पडतो असं मित्र म्हणतात. ते म्हणतात थांब, मला दम धरवत नाही.

उत्तर : मित्रांना काठावरून सगळं संथ दिसतं, त्यांचं फार मनावर घेऊ नका. पण थोडं त्यांचंही बरोबर आहे. बोट तरंगते, तुम्ही तितके तरंगत नाही. होलमध्ये बोटीत असलेला माणूस बाहेर पडलेल्यापेक्षा बऱ्या स्थितीत असतो. बोट होलमध्ये आडवी झाली की खालच्या प्रवाहाच्या बाजूला कला, पॅडलचा आधार त्याच बाजूला द्या आणि श्वास घ्या. हो, श्वास. त्या गोंधळात तो घेता येतो, फक्त लक्षात ठेवून घ्यावा लागतो. मग पुढे किंवा मागे, जिकडे होलचं टोक जवळ असेल तिकडे सरका. बहुतेक होल टोकांना कच्ची असतात, पाणी तिथून निघून जात असतं. पाहणी करताना याच टोकांकडे बघायचं असतं, मधल्या फेसाकडे नव्हे.

दोन्ही टोकं काठाला भिडलेली असतील तर गोष्ट वेगळी. आडव्या बांधाच्या खाली असंच होल तयार होतं : काठापासून काठापर्यंत एकसारखं, सुटायला जागा नसलेलं. वरून निरुपद्रवी दिसतं. तिथे कयाक नेऊच नका, पाणी कितीही कमी असो.

बाहेर पडलातच तर बोट सोडा. वर येऊन होलच्या विरुद्ध पोहण्यात दम घालवू नका. पाणी परत धबधब्याखाली नेईल तेव्हा अंग गोळा करून खोल जायचा प्रयत्न करा, तळाजवळचा प्रवाह पुढे जात असतो. सुटल्यावर पाठीवर, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उभं राहू नका. पाय दगडांत अडकला की पाणी तुम्हाला पालथं पाडतं आणि धरून ठेवतं. पुढे एडी दिसली की पोटावर वळा आणि जोर लावून पोहा.

एकाच ठिकाणी हे उलटं करायचं : पुढे आडवं पडलेलं झाड असेल आणि टाळता येणार नसेल, तर पाय पुढे करून त्याच्याकडे जाऊ नका. पालथे व्हा, डोकं पुढे, जोरात पोहत त्याच्यावर जा आणि खोडावर चढा. फांद्यांखाली गेलात तर येणं नाही. अमेरिकन कयाकर डॉ. वॉल्ट ब्लॅकॅडर यांनी १९७१ मध्ये कॅनडातल्या अल्सेक नदीची टर्नबॅक घळ एकट्याने उतरली होती, तेव्हा ती कुणीच उतरलेली नव्हती. १९७८ मध्ये आयडाहोतल्या पेयेट नदीच्या दक्षिण शाखेत एका लाकडाखाली अडकून ते गेले.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. मित्रांबरोबर कयाक घेऊन ओढ्यांवर जातो. मला पोहताही येत नाही, या खेळातलं काही कळत नाही. तो निघताना ‘सांभाळून जा’ एवढंच म्हणते, आणि तो ‘हो गं आई’ म्हणतो. त्याला थांबवायचं नाहीये. पण मी नेमकं काय विचारलं तर मला काही समजेल?

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं त्या दिवशी बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

‘सांभाळून जा’ याला ‘हो’ शिवाय उत्तर नाही, म्हणून ते विचारून तुमचं समाधान होत नाही. त्याऐवजी विचारा, ‘आज पाणी किती आहे, आणि चढतंय की उतरतंय?’ त्याला हे माहीत असलंच पाहिजे. ओढ्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं. सेकंदाला पाच घनमीटर पाणी वाहणारा ओढा लहान समजला जातो. तो दर सेकंदाला पाच टन पाणी दगडांवर आणून आदळत असतो. त्यामुळे परवा सोपा होता तो ओढा आज तोच नसतो. वर डोंगरात पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही पाणी चढतं. पाण्याला मातकट रंग येतो, पानं-काटक्या वाहून येऊ लागतात, दगडांचा गडगडाट ऐकू येतो. ‘असं दिसलं तर काय करणार?’ हेही विचारा. ‘बाहेर पडून चालत येणार’ याहून मोठं उत्तर असेल तर मला आवडणार नाही.

मग, बरोबर कोण आहे? तिघांपेक्षा कमी असतील तर जाऊ नये, हा या खेळातला जुना नियम आहे. एक अडकला, दुसरा त्याच्यापाशी, तिसरा मदत आणायला. आणि बरोबरच्यांपैकी दोरीने वाचवण्याचं शिक्षण कुणी घेतलंय? वाहत्या पाण्यातल्या बचावाचे दोन-तीन दिवसांचे वर्ग असतात. नव्या बोटीसाठी त्याने पैसे मागितले, तर आधी तो वर्ग कर, मग बोट, असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शेवटचं, आणि हे कागदावर लिहून घ्या : कुठून पाण्यात उतरणार, कुठे बाहेर येणार, किती वाजता फोन करणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तुम्ही कुणाला कळवायचं. ओढे दरीत असतात, तिथे मोबाइलला रेंज नसते. उशीर होणं नेहमीचंच आहे, तेव्हा बाहेर येण्याच्या वेळेनंतर दोन-तीन तासांची मोकळीक द्या. पण ती वेळ उलटली की कसला संकोच करू नका. मुलगा नंतर ‘आई, उगाच घाबरलीस’ म्हणाला तरी चालेल.

पोहता येत नसलं तरी हे प्रश्न विचारता येतात. तो चिडला तर हे पान त्याला दाखवा, माझ्यावर चिडू दे.

प्रश्न : एका मैत्रिणीची जुनी क्रीक बोट, म्हणजे ओढ्यांसाठीची कयाक, मिळतेय. माझी आत्ताची बोट मागून चपटी आहे, शेपूट पाण्याखाली घालून खेळायची. ओढ्यावर तीच चालेल का? आणि जुनी घेताना काय बघू?

उत्तर : ती चपटी बोट ओढ्यावर नेऊ नका. शेपूट पाण्यात घालायला ती बनलेली आहे आणि धबधब्याखाली ती नेमकं तेच करेल, तुमची इच्छा असो-नसो. क्रीक बोट फुगीर असते, दोन्ही टोकं वर वळलेली. ती बुडाली तरी वर येते आणि वर येताना सरळ येते.

जुनी बोट उलटी करून उन्हात ठेवा आणि बघा. बैठकीच्या खाली आणि शेपटीकडे प्लास्टिक सगळ्यांत जास्त घासतं, तिथे अंगठ्याने दाबून पाहा. सहज आत जात असेल तर पातळ झालंय. पाणी काढायच्या बुचाभोवती आणि स्क्रूंच्या भोकांभोवती बारीक तडे असतात का ते नख फिरवून बघा. रंग उडून पांढुरका पडला असेल तर ती बरीच वर्षं उन्हात होती, प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. तडा गेलेला असेल तर प्लास्टिक कुठल्या जातीचं ते विचारा. साधं पॉलिएथिलीन वितळवून जोडता येतं, क्रॉसलिंक केलेलं जोडता येत नाही.

आत पाय टेकायला दोन बाजूंच्या छोट्या पट्ट्या असतील तर नको. पूर्ण तळपाय टेकेल असा आडवा, फोम लावलेला ठोकळा हवा, नाहीतर बोट दगडावर आपटल्यावर पाय पट्टीवरून निसटून पुढे अडकतात. शेपटीत हवेच्या पिशव्या आहेत का? नसतील तर घ्याव्या लागतील. पाणी भरलेली बोट ओढणारे मित्र तुमच्यावर रागावतात आणि बरोबर रागावतात. आणि तुमच्या वजनाला ती केवढी आहे, हे कंपनीने दिलेल्या आकड्यांवरून बघा. मैत्रीण तुमच्याहून पंधरा किलोने जड असेल तर ती बोट तुम्हाला वाऱ्यावरच्या पानासारखी उडवेल.

प्रश्न : गेल्या वर्षी उतरलेला ओढा यंदा पुन्हा उतरून बघावा लागतो का? आमच्याकडे धबधब्यांचे व्हिडिओ आहेत, नकाशा आहे.

उत्तर : लागतो. एका पुरात झाडं येऊन अडकतात, दगड सरकतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन रिव्हर नॅरोज या टप्प्यावर १९९६ मध्ये कयाकची शर्यत सुरू झाली आणि जगातल्या अनेक कयाकरांना तिथला प्रत्येक दगड पाठ होता. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळाचा पूर आला आणि तिथले खळाळ इतके बदलले की जाणत्यांनाही नव्याने काठावरून चालत बघावं लागलं. व्हिडिओ जरूर बघा, पण त्यातलं पाणी त्या दिवसाचं आहे.

प्रश्न : ओढ्यासाठी पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट घ्यावं का?

उत्तर : घ्या. कोपरांचे पॅडही घ्या, हेल्मेटच्या मानाने स्वस्त असतात आणि जास्त वेळा उपयोगी पडतात.

प्रश्न : आमच्यातला एक जण प्रत्येक उडीचं चित्रीकरण करतो. त्याचं म्हणणं, बघून शिकता येतं. खरंच उपयोग होतो का?

उत्तर : होतो. वरच्या बूफवाल्या वाचक ताईंनी स्वतःचा स्ट्रोक एकदा चित्रित करून बघितला, तर मी लिहिलेलं सगळं त्यांना अर्ध्या मिनिटात दिसेल. पण कॅमेरा धरलेल्या हातात दोरी मावत नाही, आणि तुम्ही चौघं असाल तर काठावर रिकामे हात मोजकेच असतात. हेल्मेटवर लावायचा असेल तर ताण पडल्यावर सुटून येईल असाच बसवा. घट्ट बसवलेला कॅमेरा फांदीत अडकला की मान अडकते. नाहीतर छोटी तिवई मिळते. ती दगडावर उभी करा, कॅमेरा चालू करा आणि त्या मित्राच्या हातात दोरी द्या.